पिवळी बाटली : आंबा आणि स्कॉच बॉनेट मिरचीचा सॉस

वाटलीडाळ (शुक्रवार, रात्री ११:४०)

मंडळी, टोरोंटोच्या स्कार्बरोला आमच्या घराजवळ एका त्रिनिदादी बाईंचं रोटीचं दुकान आहे. डालपुरी रोटी घ्यायला आम्ही शनिवारी जातो. गल्ल्याशेजारी त्या घरी केलेला सॉस ठेवतात. बाटलीवर हाताने लिहिलेली चिठ्ठी: आंबा, स्कॉच बॉनेट, व्हिनेगर, गाजर, मोहरी, लसूण, मीठ. रंग आमरसात हळद पडल्यासारखा. इतके दिवस नुसती बघत होते, या वेळी घेतली.

घरी येऊन झाकण उघडलं तर काय वास! मला वाटलं होतं व्हिनेगर नाकात जाणार. त्याऐवजी जर्दाळू आणि पिकलं पपनस एकाच फडक्यात बांधून ठेवल्यासारखं काहीतरी. "हा काय तिखट असणार" म्हणून चहाचा अर्धा चमचा भरून सरळ तोंडात.

पहिले पाच सेकंद साखरांबा. मग मोहरीची झिणझिणी, तीही सुखाची. मी नवऱ्याला म्हणालेसुद्धा, "अरे, गोड आहे." आणि ते वाक्य पुरं व्हायच्या आत घशाच्या मागून जे काही वर आलं त्याला आमच्या मराठीत शब्द नाही. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. नवरा पाणी घेऊन धावला, ते प्यायल्यावर आग जिथे नव्हती तिथेही पोचली. शेवटी फ्रीजमधलं दही वाटीनेच तोंडाला लावलं.

दहा मिनिटांनी काय वाटलं माहीत आहे? परत हवा असं वाटलं.

तर दोन प्रश्न. तो फळाचा वास मला आंब्याचा वाटत नाहीये, मग कशाचा आहे? आणि ही बाटली संपवायची कशी, म्हणजे कशावर घालून?

खारीबिस्कीट (शनिवार, सकाळी ७:१५)

अर्धा चमचा?? वाटलीडाळ, तुझ्या आयडीत डाळ आहे तोवर ठीक होतं, डोक्यात नको. (दिवे घे, म्हणजे हलकेच घे.)

बाकी वर्णन वाचून सकाळी सकाळी तोंडाला पाणी सुटलं. वाखूसा (वाचनखूण साठवली).

कराडकर६२ (शनिवार, सकाळी ८:०२)

आमच्याकडे हिरव्या मिरचीचा खर्डा, शेंगदाण्याचं कूट, वर कच्चं तेल. यापुढे हे आंब्याचे लाड कशाला? तिखट म्हणजे तिखट, त्यात गोड घालायचं तर मग गूळच खावा. परदेशात राहिलं की साध्या मिरचीलाही बाटली लागते असं दिसतं.

अणुरेणू (शनिवार, सकाळी ९:३०)

काका, खर्ड्याला माझा दंडवत, पण ही मिरचीच वेगळी आहे. आपण वापरतो त्या बहुतेक मिरच्या (ब्याडगी, संकेश्वरी, ढोबळीसुद्धा) कॅप्सिकम ॲन्यूम या जातीच्या. स्कॉच बॉनेट आणि तिची जवळची बहीण हाबानेरो या कॅप्सिकम चायनेन्स. नाव चायनेन्स, पण चीनशी संबंध शून्य. १७७६ मध्ये जॅकिन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ती चीनमधून आली असं समजून नाव ठेवलं आणि चूक तशीच राहिली. मूळ दक्षिण अमेरिकेतलं.

वाटलीडाळ, तुमचं नाक बरोबर आहे. तो वास आंब्याचा नाही, मिरचीचा आहे. या जातीत एस्टर वर्गातली सुवासिक द्रव्यं भरपूर असतात. पिकल्या फळांचा वासही बराचसा अशाच द्रव्यांचा असतो, म्हणून जर्दाळू आठवला. हिरव्या मिरचीचा वास त्या मानाने गवताळ. आंबा त्या बाटलीत गोडी आणि दाटपणा देतोय, बास.

तिखटपणाचं म्हणाल तर मेक्सिकोची हालापेन्यो मिरची स्कोव्हिल मापाने २,५०० ते ८,०००. हाबानेरो आणि स्कॉच बॉनेट साधारण १ लाख ते साडेतीन लाख. हे माप विल्बर स्कोव्हिलने १९१२ मध्ये काढलं: मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचं, चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत. आता यंत्राने मोजतात, नाव तेच आहे.

पाण्याने आग का पसरली? मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, पाण्यात विरघळत नाही. दुधादह्यातलं केसीन नावाचं प्रथिन त्याला धरून जिभेवरून उतरवतं. दही हा तुमच्या हातून झालेला एकमेव शहाणपणा. :)

वाटलीडाळ (शनिवार, सकाळी १०:०५)

एकमेव! बरं. पण हे जबरदस्त आहे, म्हणजे वास आणि आग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत?

अणुरेणू (शनिवार, सकाळी १०:२०)

पूर्ण वेगळ्या. शुद्ध कॅप्सेसिनला वासच नसतो. आग म्हणजे खरं तर चव नाहीच. उष्णता ओळखणारा जो ग्राहक आपल्या मज्जातंतूंवर असतो (टीआरपीव्ही-१), तोच कॅप्सेसिनने चाळवतो. एरवी तो ४३ अंशांच्या आसपास जागा होतो, म्हणून मेंदूला वाटतं तोंड भाजलं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने तो १९९७ मध्ये शोधला. २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा या कामाचाच.

अजून एक. आग बियांत नसते. बिया ज्या पांढऱ्या शिरांना चिकटलेल्या असतात त्या शिरांत असते. वास मात्र बाहेरच्या गरात. घरी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

मचूळपाणी (शनिवार, दुपारी १:४५)

धाग्यावर त्रिनिदादचं नाव आलं आणि राहवलं नाही. पॉइंट लिसासला चार वर्षं नोकरी केली. अणुरेणू म्हणतात त्याचा पुरावा तिथल्या बाजारात ढिगाने असतो: पिमेंटो मिरची. लांबट, सुरकुतलेली, वास हुबेहूब स्कॉच बॉनेटचा आणि तिखट जवळजवळ नाहीच. तिकडच्या बायका ती लसूण-कांद्याबरोबर रोजच्या कालवणात घालतात. आमच्या शेजारीणबाईंनी पहिल्यांदा दिली तेव्हा मी भीतीने तासभर नुसती बघत बसलो होतो.

तिथला सकाळचा नाश्ता म्हणजे डबल्स. हळद घातलेले दोन मऊ तळलेले 'बारा' (आपल्या वड्याचाच भाऊबंद, फक्त चपटा), मध्ये छोल्यांची पातळसर उसळ, वर चिंचेचं पाणी, काकडी आणि पेपर सॉस, म्हणजे मिरचीचा. मेणकागदात गुंडाळून देतो. गाडीवाला विचारतो, पेपर किती? उत्तर द्यायचं "स्लाइट". मी पहिल्या दिवशी छाती काढून "मीडियम" म्हणालो. आपण महाराष्ट्रातले ना! कंपनीच्या गाडीत एसी लावून अर्धा तास बसलो होतो, कागद हातात तसाच.

सॉस घरोघरी वेगळा. कुणी पपई घालतं, कुणी गाजर, कुणी कैरी. बहुतेकांत शॅडो बेनी म्हणून एक लांब काटेरी कडांचं पान असतं, वास कोथिंबिरीचा पण दुप्पट. आणि एक प्रकार आहे बारीक चिरलेल्या मिरच्या, गाजर, कारलं आणि लिंबाचा. त्याचं नाव 'मदर-इन-लॉ'. खोटं सांगत नाही.

मोहरी मात्र बार्बाडोसची खूण. तिकडचा सॉस पिवळाधमक असतो: मोहरी, हळद, कांदा, व्हिनेगर आणि ही मिरची. तळलेल्या फ्लाइंग फिशबरोबर खातात. तुझ्या दुकानवाल्या बाईंनी दोन बेटांची सोयरीक लावलेली दिसते.

खारीबिस्कीट (शनिवार, दुपारी २:१०)

मदर-इन-लॉ!! साबांना (सासूबाईंना) हा धागा दाखवणार नाही. कारलं पण आहे म्हणे.

पागोळी (शनिवार, दुपारी ४:३०)

मोहरी, हळद, आंबा, मिरची... अहो, हे तर सासव!

आमच्या सावंतवाडीकडे रायवळ आंबे पडायला लागले की आठवड्यातून दोनदा होतं. बिटके आंबे सोलून अख्खे कोयींसकट पातेल्यात, साली पिळून तो रसही त्यातच. ओलं खोबरं, दोन-तीन सुक्या मिरच्या आणि मोहरी वाटून लावायची, गूळ आणि मीठ. मोहरी शेवटी घालून एक-दोनदाच फिरवायची, जास्त वाटली की कडू होते. मोहरीला कोकणीत सांसव म्हणतात, नाव त्यावरूनच. अननसाचंही करतात.

फरक इतकाच की आपण नारळ घालतो आणि त्याच दिवशी खातो, ते व्हिनेगर घालून महिनोन्महिने ठेवतात. कराडकरकाका, म्हणजे आंब्याला तिखट लावायचे लाड परदेशातले नाहीत हो, घाट उतरलात की आहेतच.

वाटलीडाळ, पहिला प्रयोग तळलेल्या बांगड्यावर कर. तेलकट मासा आणि आंबट-गोड-तिखट, याला तोड नाही.

कराडकर६२ (शनिवार, संध्याकाळी ६:१२)

सासव खाल्लं आहे, मेहुणीच्या घरी, वेंगुर्ल्याला. आवडलं होतं. माघार घेतो. पण खर्डा तो खर्डा.

गच्चीवरचामाळी (रविवार, सकाळी ८:५०)

नाशिकहून. गेली तीन वर्षं कुंडीत हाबानेरो लावतोय, म्हणून थोडं.

बी उगवायलाच दोन-तीन आठवडे घेतं, आपल्या लवंगीसारखं आठवड्यात वर येत नाही. घाबरून कुंडी उकरू नका (मी उकरली होती). एप्रिल-मेच्या उन्हात फुलं गळतात, फळ धरतं पावसाळ्याच्या शेवटी. हिरव्याची नारिंगी झाली की तोडायची, हिरवी तोडली तर तो वास येत नाही.

आता माझी फजिती. पहिल्या वर्षी सॉस केला. मिरच्या, लसूण, गाजर व्हिनेगरमध्ये शिजवून घेतलं, गार केलं आणि मग ताज्या हापूसचा रस वरून मिसळला, कच्चाच. म्हटलं, शिजवलेल्या आंब्याला मजा नाही. बाटली ओट्यावर ठेवली. नाशिकचा मे महिना. पाचव्या दिवशी झाकण फिरवलं आणि फस्स करून निम्मा सॉस छतावर. तो पिवळा डाग अजून आहे, बायको पाहुण्यांना दाखवते.

कारण साधं होतं. रसातली साखर आणि रसाबरोबर आलेलं यीस्ट. आता सगळं एकत्र उकळतो. पाव किलो आंब्याच्या गराला पाच-सहा हाबानेरो, एक गाजर, चार लसूण पाकळ्या, दीड चमचा मीठ, दीडशे मिली व्हिनेगर. दहा मिनिटं रटरट उकळू द्यायचं, गरम असतानाच वाटायचं, उकळून घेतलेल्या काचेच्या बाटलीत भरायचं. आंबटपणा मोजायच्या पीएच पट्टीवर ४ च्या खाली आलं पाहिजे, नाही आलं तर अजून व्हिनेगर. यात हयगय नको, कमी आंबट आणि हवाबंद अशा बाटलीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो. आणि तरीही फ्रीजमध्ये.

हापूस वाया घालवू नका. त्याचा वास मिरचीच्या वासाशी भांडतो आणि दोघेही हरतात. तोतापुरी किंवा आंबटसर रायवळ उत्तम. मिरची चिरताना हातमोजे घाला. मी घातले नव्हते, आणि मी कॉन्टॅक्ट लेन्स लावतो. पुढचं लिहीत नाही.

खारीबिस्कीट (रविवार, सकाळी ९:२०)

छतावरचा डाग! फोटो टाका.

भाप्र (भाबडा प्रश्न): हाबानेरो पुण्यात मंडईत मिळत नाही. भूत जोलोकिया वापरली तर?

अणुरेणू (रविवार, सकाळी ११:००)

चालेल, चायनेन्सच्याच गोतावळ्यातली आहे, वासही फळासारखाच. पण २००७ मध्ये गिनीजने तिची नोंद १० लाख स्कोव्हिलच्या वर केली होती. गच्चीवरचामाळी यांच्या मापाला पाच-सहा मिरच्या घातल्यात तर पुढचा धागा दवाखान्यातून काढाल. एक घ्या, पांढऱ्या शिरा काढून.

वाटलीडाळ (पुढचा बुधवार, रात्री १०:५५)

आढावा. बाटली निम्मी झाली आहे.

आधी चाखायची रीत सापडली ती सांगते. उकडलेल्या बटाट्याच्या फोडीला लोणी आणि मीठ, वर सॉसचा थेंब, हरभऱ्याएवढा. खाऊन गप्प बसायचं. या मिरचीची आग उशिरा येते, मला तरी वीस-तीस सेकंद लागतात. मी पहिल्या दिवशी तेवढ्या वेळात "गोड आहे" म्हणून मोकळी झाले होते. लोण्यामुळे धार मोडते आणि वास मोकळा होतो.

थालीपीठ आणि लोणी, त्यावर हा: केवळ अप्रतिम. भाजणीतले धने आणि तो जर्दाळूचा वास एकमेकांना ओळखतात असं वाटलं. ऑम्लेट, चीज टोस्ट, भाजलेलं कणीस, सगळ्यांवर उत्तम. बटाटेवड्याला नुसता नाही, तीन चमचे घट्ट दह्यात एक चमचा सॉस फेटून. आता लेकही खातो, वय वर्षं नऊ, "यलो चटणी" म्हणून मागतो. त्याच्यासाठी अगदी नावापुरता.

फसलं ते पोहे. पोह्यांना आधीच लिंबू, त्यात व्हिनेगर, वर ओल सुटली. शेंगदाणे मऊ पडले. आणि नवऱ्याने वरणभातावर घालून बघितला. तो स्वतःच म्हणाला, वरणाची माफी मागायला हवी. तुपाचा वासच गेला.

आता खरी फजिती. चिकनच्या तंगड्यांना हाच सॉस चोपडून दोन तास मुरवल्या आणि कडकडीत तापलेल्या बिडाच्या तव्यावर टाकल्या. आंब्यातली साखर दोन मिनिटांत काळी. त्यापेक्षा वाईट तो धूर. मी, नवरा, लेक, तिघेही ठसक्याने दुहेरी. धुराचा अलार्म वाजायला लागला. मार्चमध्ये सगळ्या खिडक्या उघडून टोप्या घालून जेवलो. चिकन बाहेरून कोळसा, आतून मात्र चवदार होतं हे कबूल करायला हवं.

मचूळपाणी (गुरुवार, सकाळी ६:४०)

मीठ, लसूण, लिंबू लावून मुरव. भाजून होत आलं की शेवटच्या दोन मिनिटांत ब्रशने सॉस लाव. नाहीतर सरळ ताटातच घे. जास्त शिजवला तर आग राहते आणि वास उडतो, म्हणजे नेमकं ज्यासाठी पैसे दिले तेच जातं.

पागोळी (गुरुवार, सकाळी ९:००)

बांगडा??

वाटलीडाळ (गुरुवार, सकाळी ९:४५)

बांगडा राहिला गं ताई! गोठवलेला मिळतो इथे, या आठवड्यात आणते.

खारीबिस्कीट (गुरुवार, दुपारी १२:३०)

मी दुकानातून "मँगो हाबानेरो" लिहिलेली एक बाटली आणली, चांगले साडेतीनशे रुपये मोजून. जॅम आहे नुसता. जर्दाळू नाही, काही नाही, शेवटी जिभेला जरा चुरचुरतं.

अणुरेणू (गुरुवार, दुपारी १:०५)

मागचं लेबल वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. साखर पहिली आणि मिरची शेवटून दुसरी असेल तर तो जॅमच. मिरची पहिल्या तीन-चारांत हवी. मेक्सिकोच्या युकातानचे किंवा बेलीझचे गाजर घातलेले हाबानेरो सॉस कुठे मिळाले तर बघा, त्यात साखरेचा मारा नसतो. युकातानच्या हाबानेरोला २०१० पासून आपल्या जीआयसारखं (भौगोलिक मानांकन) संरक्षणही आहे. तिकडच्या एका ताज्या चटणीचं नाव 'श्निपेक', माया भाषेत कुत्र्याचं नाक. खाल्ल्यावर आपलं नाक तसं ओलं होतं म्हणून.

खारीबिस्कीट (गुरुवार, दुपारी १:२०)

वाचलं. साखर, पाणी, आंब्याचा गर (१२ टक्के), मग अक्षरं इतकी बारीक की चष्मा लागला. मिरची सापडली, मिठाच्या खाली.

वाटलीडाळ (सात आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:१५)

धागा वर काढतेय.

बांगडा केला, पागोळीताई. रवा लावून तळला, वर कच्चा कांदा आणि सॉसच्या दोन रेघा. नवऱ्याने काटेसुद्धा चोखले. यापुढे काही लिहीत नाही.

दरम्यान आई चिपळूणहून आली आहे. तिला बाटलीचा वास दिला. ती म्हणाली, "ह्याला फणसाच्या जवळचा काहीतरी वास आहे." मग सासव करायचं ठरलं. इथे मेक्सिकोचे अताउल्फो आंबे मिळतात, छोटे, पिवळे, जरा आंबट असताना घ्यायचे. नारळ गोठवलेला. आईने सुक्या मिरच्या वाटायला घेतल्या, मी म्हटलं त्याऐवजी दोन चमचे हा सॉस घाल. ती नाही म्हणाली. शेवटी दोन पातेली झाली.

मिरचीचं सासव नेहमीसारखं छान. सॉसच्या पातेल्यात मोहरी दोनदा झाल्यासारखी लागत होती, पण आंब्याचा वास तिथे जास्त आला. हे कसं काय, अणुरेणूंनी सांगावं. आई जेवताना आपल्याच पातेल्यातून वाढून घेत होती. दुपारी मी स्वयंपाकघरात गेले तर दुसऱ्या पातेल्यात चमचा आणि आई भिंतीकडे तोंड करून उभी.

काल तिच्या सासवाचा डबा घेऊन दुकानात गेलो. बाईंनी तिथेच झाकण उघडलं, बोटाने चाखलं, डोळे मिटले. मग गल्ल्यामागची बाटली काढून आईपुढे धरली आणि म्हणाल्या, छान आहे, पण पेपर घालायला विसरलात.

आईने मला विचारलं, काय म्हणतेय ती? मी म्हटलं, आवडलं म्हणतेय.

पागोळी (सात आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:४०)

आईंना नमस्कार सांग. आणि दुसऱ्या पातेल्याचं माप लिही, आमचे बिटके आता पडायला लागलेत.

वाटलीडाळ (सात आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:५५)

आठ आंबे, अर्धी वाटी खोबरं, पाऊण चमचा मोहरी (सॉसमध्ये आहेच म्हणून कमी), लिंबाएवढा गूळ, दोन चमचे सॉस गॅस बंद केल्यावर. आई मागून वाचतेय आणि म्हणतेय, दीड लिही.